खाज खोटी नसते

कोकणात भातकापणी उरकते, माळावरचं गवत पिवळं पडू लागतं आणि कुंपणांवर चढलेल्या एका वेलीच्या शेंगा वाळायला लागतात. बोटभर लांबीच्या, टोकाला बाक असलेल्या, अंगभर सोनेरी-तपकिरी लव ल्यालेल्या. दिसायला इतक्या देखण्या की अनोळखी माणसाचा हात आपोआप पुढे जातो. गावातलं पोर मात्र लांबूनच वळसा घालतं. ती खाजकुइली. शेंगेला हात लावायचीही गरज नसते. वाऱ्यावर उडालेली लव मानेवर येऊन बसली तरी पुरते. मग जे सुरू होतं ते सांगून कळत नाही. बघणाऱ्याला कातडीवर जेमतेम थोडी लाली दिसते, आणि ज्याला लागली आहे तो अंगावरचे कपडे फाडायच्या बेतात असतो.

दिसतं थोडं आणि सोसावं लागतं प्रचंड. या तफावतीनेच माझ्या वडिलांची शेवटची वर्षं खाल्ली. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती, डायलिसिस सुरू होतं. त्याचा थकवा, सुयांच्या जखमा, पाण्यावरची बंधनं हे सगळं त्यांनी निमूटपणे घेतलं. झोपू दिलं नाही ते खाजेने. पाठ, दंड, पोटऱ्या. रात्री दिवे मालवले की जास्त. पुरळ नाही, गांधी नाहीत, चट्टा नाही. कोरडी कातडी आणि तिच्यावर त्यांच्याच नखांचे ओरखडे. भेटायला येणारे म्हणायचे, "दिसत तर काहीच नाही हो. मनाचं असतं, लक्ष दुसरीकडे वळवा." बाबा शर्टाच्या बाह्या खाली ओढून घ्यायचे. डायलिसिसच्या खोलीतली सिस्टर प्रेमाने सांगायची, "काका, नखं मारू नका, जखम चिघळेल." तिचं म्हणणं खरंच होतं, पण त्याने खाज थांबत नव्हती.

दुखतंय म्हणणाऱ्या माणसावर आपण निदान अर्धा विश्वास ठेवतो. खाजतंय म्हणणाऱ्यावर तेवढाही नाही. शिवाय खाजेला अस्वच्छतेचा वास चिकटवलेला असतो: खरूज असेल, नायटा असेल, अंघोळ नीट करत नसतील. म्हणून मी त्या काळात वाचायला लागले. मला एवढंच हवं होतं की कुणीतरी पुराव्याने सांगावं, हे खरं आहे. तो पुरावा आहे, आणि तो सापडतो आपल्या पेशींच्या पातळ पडद्यात बसलेल्या आयन चॅनेल नावाच्या प्रथिनांमध्ये. त्यांच्यापर्यंतच्या वाटेवर एक टप्पा चक्क खाजकुइलीचा आहे.

खाजेची पहिली नेमकी व्याख्या १६६० मध्ये साम्युएल हाफेनरेफर या जर्मन वैद्याने केली: खाजवण्याची इच्छा जागवणारी नकोशी संवेदना. त्यानंतर फार काळ खाजेकडे दुखण्याचं धाकटं भावंड म्हणूनच पाहिलं गेलं. विसाव्या शतकात हिस्टामिन या शरीरातच सुटणाऱ्या रसायनाचा शोध लागला आणि सगळं बोट त्याच्याकडे गेलं. अंगावर पित्त उठतं, लालसर गांधी येतात, तेव्हा हिस्टामिनच कारणीभूत असतं आणि सेटिरिझिनसारखी गोळी तिथे चांगलं काम करते. मग प्रत्येक खाजेला तीच गोळी द्यायची पद्धत पडली. पण १९५५ मध्ये फिलाडेल्फियातले त्वचारोगतज्ज्ञ वॉल्टर शेली आणि त्यांच्या सहकाऱ्याने खाजकुइलीच्या लवेतून प्रथिनं कापणारं एक विकर (एन्झाइम) वेगळं काढलं. झाडाच्या म्युक्युना या शास्त्रीय नावावरून त्याला म्युक्युनेन म्हणतात. खाज त्या विकराने येत होती. लव उकळली की विकर मरतं आणि तीच लव निरुपद्रवी होते. खाजकुइलीची खाज हिस्टामिनविरोधी औषधाने थांबत नाही, आणि तिच्याने गांधही उठत नाही. म्हणजे खाजेला हिस्टामिनखेरीज दुसरा रस्ता आहे. तो रस्ता स्पष्ट व्हायला अर्धं शतक गेलं. २००८ मध्ये बॉस्टनमधल्या ईथन लर्नर यांच्या गटाने दाखवलं की म्युक्युनेन पेशीबाहेर डोकावणाऱ्या पार-२ आणि पार-४ या ग्राहक प्रथिनांचं टोक छाटतं. टोक छाटलं गेलं की ग्राहक जागा होतो, पेशीच्या आत संदेश जातो, आणि त्या संदेशाने आयन चॅनेल उघडतात.

आता या चॅनेलविषयी. पेशीचा पडदा स्निग्ध असतो. विद्युतभार असलेले कण, म्हणजे सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोराइड यांचे आयन, त्यातून जाऊ शकत नाहीत. सोडियम आणि कॅल्शियम बाहेर भरपूर, पोटॅशियम आत भरपूर. कॅल्शियमचा फरक तर असा की पेशीच्या आत जेवढं मोकळं कॅल्शियम असतं त्याच्या सुमारे दहा हजार पट बाहेर असतं. या पडद्यात बसलेली दारं म्हणजे आयन चॅनेल. प्रत्येक दाराची किल्ली निराळी: एखादं उष्णतेने उघडतं, एखादं थंडीने, एखादं दाबाने, एखादं विद्युतदाबातल्या बदलाने. उघडलं की सेकंदाला कोटीच्या घरात आयन त्यातून जाऊ शकतात. एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी १९७६ मध्ये अशा एकेका चॅनेलचा प्रवाह मोजून दाखवला. विजेचा इतका बारीक प्रवाह पकडणं हेच केवढं काम होतं. १९९१ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं.

त्वचेतली बरीचशी दारं आपल्या स्वयंपाकघराला चांगली ओळखतात. मिरच्या वाटल्यावर हातांची आग होते, ती पाण्याने जात नाही, तेल चोळलं तर थोडी शमते, कारण मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. हात गरम झालेले नसतात. तरी मेंदूला भाजल्याचीच बातमी जाते. का, ते १९९७ मध्ये कळलं. सॅन फ्रान्सिस्कोत डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत कॅप्सेसिनने उघडणारं चॅनेल सापडलं आणि तेच चॅनेल सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेनेही उघडतं हे दिसलं. त्याला पुढे टीआरपीव्ही१ नाव मिळालं. मिरची आणि विस्तव दोघंही एकाच दारातून आत येतात, त्यामुळे मेंदूला फरक कळत नाही. पोपट मिरची खातो आणि त्याला काही होत नाही, हे आपल्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक असतं. २००२ मध्ये ज्युलियस यांच्याच प्रयोगशाळेने कोंबडीचं टीआरपीव्ही१ तपासलं: ते उष्णतेने उघडतं, कॅप्सेसिनने नाही. मिरचीचं बी लांबवर पोचवण्याचं काम पक्षी करतात, त्यांना तिखट लागत नाही. मला ही माहिती फार आवडते, ती इथे आणल्यावाचून राहवलं नाही. थंडीने आणि मेंथॉलने उघडणारं टीआरपीएम८ हे चॅनेल २००२ मध्ये ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियान या दोघांच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे शोधलं. पटापूटियान यांच्या गटाने पुढे २०१० मध्ये दाबाने उघडणारी पिएझो चॅनेलं शोधली. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं ते याच कामासाठी.

आग आणि खाज यांचं नातं किती जवळचं आहे हे अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या रॉबर्ट लामोट यांच्या गटाने २००९ मध्ये ज्या पद्धतीने दाखवलं, ती वाचून मी थक्क झाले. त्यांनी खाजकुइलीची लव तापवून निष्प्रभ केली, ती कॅप्सेसिनमध्ये भिजवली आणि चिमट्याने एकेक लव माणसांच्या हातावर टोचली. मिरचीचा अर्क कातडीवर पसरून लावला की आग होते. इथे तोच अर्क एका बारीक बिंदूवर, वरच्या थरात पोचला आणि लोकांना प्रामुख्याने खाज आली. रसायन एकच, पण ते किती जागेत आणि कुठे पोचतं यावर आग की खाज हे ठरतं. टीआरपीव्ही१ हे चॅनेल हिस्टामिनच्या खाजेतही लागतं. हिस्टामिनच्या रस्त्याबाहेरच्या अनेक खाजांमध्ये त्याचं भावंड टीआरपीए१ लागतं. तिथून पुढे निघणारे मज्जातंतू फार सावकाश असतात, सेकंदाला साधारण एक मीटर. म्हणून खाज झटक्यात येत नाही, ती चढत जाते.

हे सगळं मज्जातंतूंचं झालं. त्वचेतली चॅनेलं केवळ तंतूंमध्ये असती तर त्वचा हा निव्वळ एक पडदा आणि त्यामागच्या तारा, असं म्हणता आलं असतं. तसं नाही. कातडीच्या वरच्या थराच्या साध्या पेशीसुद्धा, ज्यांना केराटिनोसाइट म्हणतात, चॅनेलांनी भरलेल्या असतात. तळाच्या थरात कॅल्शियम कमी, वर येताना वाढत जातं, आणि त्या चढत्या प्रमाणावरूनच पेशीला कळतं की आता विभागणं थांबवायचं, घट्ट व्हायचं, शेवटी मरून वरचं कवच बनायचं. कातडी सोलवटली की वरचं कॅल्शियम वाहून जातं आणि तोच दुरुस्ती सुरू करायचा इशारा ठरतो. या हिशेबात टीआरपीव्ही३ हे चॅनेल महत्त्वाचं आहे. ते उबेने उघडतं, कापराने उघडतं, लवंगेतल्या युजेनॉलनेही उघडतं.

टीआरपीव्ही३ बिघडलं तर काय होतं याची गोष्ट जपानमधल्या उंदरांपासून सुरू होते. डीएस-एनएच नावाची उंदरांची एक जात होती, अंगावर केस नसलेली, आणि ती सतत स्वतःला खाजवायची. शोध घेतल्यावर दिसलं की टीआरपीव्ही३ च्या प्रथिनात ५७३ व्या जागेवर एकच अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या माळेतला एक मणी, बदललेलं आहे. त्यामुळे दार मिटतच नाही. १९२७ मध्ये ओल्मस्टेड या डॉक्टरांनी एका मुलाच्या त्वचेचा विचित्र आजार नोंदवला होता. तळहात-तळपाय जाड, पिवळट, भेगाळलेले. तोंडाभोवती जाड कातडी. बोटांभोवती आवळत जाणारे पट्टे, कधी इतके की बोट गळून पडावं. आणि बऱ्याच रुग्णांना असह्य खाज. २०१२ मध्ये चिनी संशोधकांना ओल्मस्टेड सिंड्रोमच्या रुग्णांमध्ये टीआरपीव्ही३ चे दोष सापडले, आणि त्यातले काही नेमके त्याच ५७३ व्या जागेवरचे होते. उंदीर आणि माणूस, दोघांच्या कातडीत तेच एक दार उघडं राहिलं होतं. पेशींमध्ये कॅल्शियम शिरत राहतं, त्या अवेळी मरतात, कातडी जाड होत जाते, आणि खाज थांबत नाही.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे त्या मुलांचे हात येतात. अशा हातांकडे बघून लोकांच्या मनात काय येत असेल ते आपल्याला माहीत आहे. शाळेत शेजारी बसायला नको, हातातला प्रसाद नको. कुणाचं पाप, कुणाचा शाप. आणि प्रत्यक्षात काय, तर एका प्रथिनातल्या शेकडो जागांपैकी एका जागी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी दुसरं काही बसलं आहे. एवढंच. त्या मुलाने किंवा त्याच्या आईने यात काहीही केलेलं नाही. आता टीआरपीव्ही३ कुठल्या साखळीतून कातडी जाड करतं हे कळल्यावर त्या साखळीतल्या ईजीएफआर नावाच्या दुव्यावर बसणारं, मुळात कर्करोगासाठी बनवलेलं एर्लोटिनिब हे औषध काही रुग्णांना देऊन पाहिलं गेलं, आणि त्यांच्या तळव्यांत व खाजेत चांगला फरक पडल्याचं नोंदलं गेलं. अशा जाड, भेगाळ तळव्यांवर पूर्वी खरवडण्या आणि मलमांपलीकडे फारसं काही हाती नव्हतं.

दारं उघडी राहण्याची दुसरी गोष्ट आगीची आहे. सायलस वेअर मिशेल या अमेरिकी डॉक्टरांनी १८७८ मध्ये एरिथ्रोमेलाल्जिया या आजाराचं वर्णन केलं. पाय लाल होतात, तापतात, पेटल्यासारखी आग होते. चालणं, पायमोजे, उन्हाळ्याची दुपार, पांघरूण, कशानेही. हे रुग्ण बर्फाच्या पाण्यात पाय घालून बसतात, कधी कातडी कुजेपर्यंत. २००४ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी या आजाराच्या आनुवंशिक प्रकारात एससीएन९ए हे जनुक बिघडलेलं असतं हे शोधलं. त्यापासून नॅव्ह १.७ हे सोडियम चॅनेल बनतं, जे दुखण्याच्या तंतूंना पेटवतं. येलच्या स्टीफन वॅक्समन यांच्या गटाने दाखवलं की या रुग्णांचं चॅनेल फार लवकर उघडतं. ज्या ऊबेने तुमच्या-माझ्या पायाला बरं वाटेल तिने यांचे तंतू पेटतात.

आणि दोनच वर्षांनी, २००६ मध्ये, याच जनुकाचं दुसरं टोक समोर आलं. केंब्रिजचे जेफ्री वुड्स उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांचा अभ्यास करत होते. सुरुवात झाली ती रस्त्यावर खेळ करणाऱ्या एका मुलामुळे. तो निखाऱ्यांवरून चालायचा, दंडातून सुऱ्या आरपार घालायचा. त्याला दुखायचंच नाही. संशोधकांची त्याच्याशी भेट व्हायच्या आधीच, चौदा वर्षं पूर्ण होण्याअगोदर, घराच्या छतावरून उडी मारून तो गेला. त्याच्यासारखंच न दुखणाऱ्या, त्या कुटुंबांतल्या इतर मुलांना तपासलं तर कुणाची जीभ स्वतःच्याच दातांनी तुटलेली, कुणाची हाडं मोडून वेडीवाकडी जुळलेली. त्यांच्यात नॅव्ह १.७ कामच करत नव्हतं. एकाच दाराचे हे दोन बिघाड: उघडं राहिलं तर मोज्याने आग होते, मिटून गेलं तर विस्तव कळत नाही. त्या मुलाचा विचार माझ्या मनातून जात नाही. रस्त्यावरच्या गर्दीने त्याच्या न दुखण्यावर टाळ्या दिल्या असतील, आणि ते न दुखणंच त्याचा जीव घेऊन गेलं.

म्हणूनच ही दारं सरसकट बंद करण्याचं औषध सोपं नाही. टीआरपीव्ही१ बंद करणारी गोळी बनली, तपासण्यांमध्ये काही लोकांचा ताप ४० अंशांपर्यंत चढला, कारण हेच चॅनेल शरीराच्या तापमानावरही नजर ठेवतं. अशाच दुसऱ्या एका औषधाने गरम काय ते कळेनासं झालं. कढत चहाने तोंड भाजायची भीती. नॅव्ह १.७ वरच्या औषधांनीही आजवर बहुतांशी निराशा केली. मात्र नॅव्ह १.८ या शेजारच्या चॅनेलला रोखणारं सुझेट्रिजिन जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत अल्पकाळच्या, मध्यम ते तीव्र वेदनेसाठी मंजूर झालं. कोरियात टीआरपीव्ही१ रोखणारं असिवाट्रेप हे मलम अ‍ॅटॉपिक डर्मटायटिसच्या, म्हणजे बहुधा लहानपणीच सुरू होणाऱ्या खाजऱ्या इसबाच्या, रुग्णांवर तपासलं गेलं आणि त्याचे निकाल चांगले आले; मलम कातडीपुरतं राहतं, ताप चढत नाही. या आजाराबद्दल २०२३ मध्ये हार्वर्डच्या आयझॅक च्यू यांच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. हा आजार असलेल्या मुलांच्या कातडीवर वाढणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू स्वतःच एक विकर सोडतो आणि ते थेट मज्जातंतूवरच्या पार-१ ग्राहकाला जागं करतं. कातडीला सूज येवो न येवो, खाज सुरू होते. खाजकुइलीची लव जे करते तेच हा जिवाणू करतो. "खाजवतोस म्हणून वाढतं" असं आपण या मुलांना किती सहज म्हणतो! खाजवल्याने वाढतं हे खरंच, पण सुरुवात त्याने केलेली नसते.

आपल्या घरातल्या जुन्या उपायांकडे मी आता वेगळ्या नजरेने बघते. खोबरेल तेलात कापूर घालून चोळायची आपल्याकडे पद्धत आहे. कापूर टीआरपीव्ही३ आणि टीआरपीव्ही१ उघडतो, टीआरपीए१ मात्र दाबतो, आणि थोड्या वेळाने त्वचा त्याला सरावून शांत होते. फक्त लहान मुलांच्या हाताशी तो ठेवू नका. पोटात गेला तर झटके येतात. ओला पंचा, मेंथॉल घातलेलं कॅलामाइन लोशन, यांचा गारवा टीआरपीएम८ मार्फत खाजेला रोखतो. याउलट कढत पाण्याने तेवढ्यापुरतं फार बरं वाटतं, मग कातडी आणखी कोरडी होते आणि रात्र वाईट जाते. बाबांना कढत पाण्याचा मोह आवरायचा नाही. आई म्हणायची, "अहो, पुरे आता," आणि ते म्हणायचे, "एक तांब्या फक्त."

त्यांना आराम मिळाला तो शेवटी गॅबापेंटिनने. ही फिटच्या विकारासाठी आणि नसांच्या दुखण्यासाठी वापरतात ती गोळी. मज्जातंतूंच्या टोकाशी असलेल्या कॅल्शियम चॅनेलच्या एका भागाला ती चिकटते, मग पुढच्या पेशीकडे जाणारा संदेश क्षीण होतो. डायलिसिसच्या खाजेवर ती उपयोगी पडते. खाज पूर्ण गेली नाही. पण ते सलग झोपू लागले, आणि भेटायला येणाऱ्यांपुढे बाह्या ओढून घेणं थांबलं. डॉक्टरांनी जेव्हा पहिल्यांदा विचारलं, "काका, शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही, तुमची खाज किती?", तेव्हा बाबा थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "नऊ." इतक्या दिवसांत त्यांना तो आकडा कुणी विचारलाच नव्हता.

अनेक देशांतल्या डायलिसिस रुग्णांच्या मोठ्या पाहणीत असं दिसलं आहे की ज्यांना जवळजवळ सतत खाजतं त्यांच्यातल्याही काहींनी ते डॉक्टर, नर्स, कुणालाच सांगितलेलं नसतं. तुमच्या घरात कुणी डायलिसिसला जात असेल तर तो आकडा तुम्ही विचारा आणि पुढच्या खेपेला तिथल्या डॉक्टरांना सांगा. फॉस्फरसची पातळी, डायलिसिस पुरेसं होतंय का, कातडीचा कोरडेपणा हे ते आधी बघतील. गॅबापेंटिन मात्र कुणाच्या सांगण्यावरून आणू नका. ते मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडतं, म्हणून अशा रुग्णांत साठत जातं, गुंगी येते, तोल जातो. त्याचा डोस अगदी लहान असतो आणि तो डायलिसिस झाल्यावर देतात.